स्टुडंट सेक्शनवाल्यांनी शिकायचं कुठून? खिडकीवरून!

नागपुरातल्या एका अनुदानित कॉलेजात स्टुडंट सेक्शनला माझी वीसेक वर्षं गेली. त्यातली पहिली पंधरा वर्षं तेच टीसी, तेच बोनाफाईड, तेच एनरोलमेंट फॉर्म, उन्हाळी परीक्षा झाली की हिवाळी आणि हिवाळी झाली की उन्हाळी, डोळे मिटून काम व्हायचं. मग जे सुरू झालं ते थांबायचं नावच घेत नाही. महाडीबीटी हे स्कॉलरशिपचं पोर्टल आलं, नवीन शिक्षण धोरण आलं, एबीसी आयडी (पोराने पूर्ण केलेला अभ्यास जमा होतो त्या ऑनलाइन खात्याचा नंबर) आला, तो पोरांना कळतो न कळतो तोवर अपार हा प्रत्येक पोराचा कायमचा शैक्षणिक नंबर आला, आणि खिडकीच्या आत माणसं तेवढीच, खरं म्हणजे कमीच, कारण जे रिटायर झाले त्यांच्या जागा भरल्याच नाहीत आणि जे नवीन आले ते कंत्राटी, अकरा महिन्यांवाले.

या सगळ्यात आपल्याला ट्रेनिंग कोण देणार? प्राध्यापकांसाठी ओरिएंटेशन असतं, रिफ्रेशर असतं, आपल्याच नागपूर विद्यापीठात मालवीय मिशनचं टीचर ट्रेनिंग सेंटर आहे. पण बाबू लोकांसाठी, हॉस्टेलच्या रेक्टरसाठी, स्कॉलरशिपच्या टेबलवर बसणाऱ्या ताईंसाठी काय? वर्षातून एखादं वर्कशॉप निघतं. मी एकाला गेलो होतो, कुठलं ते सांगत नाही. एसी हॉल, शंभराच्या वर स्लाइड, सगळ्या इंग्रजीत, दुपारी जेवण मात्र झक्कास. परत आल्यावर आमच्या शिपाई काकांनी विचारलं, "काय शिकून आले सर?" आणि मला एक वाक्य सांगता आलं नाही. फोल्डर आणि पेन तेवढं आणलं होतं.

म्हणून हा लेख. वर्कशॉप मिळालं तर जा, पण त्याची वाट पाहत बसू नका. ऑफिसातल्या ऑफिसात, एक रुपयाही न घालवता स्टाफने स्वतःला कसं तयार करायचं ते आम्ही चुकतमाकत शिकलो, तेच जसंच्या तसं सांगतो.

आधी माझी चूक सांगतो

नरखेडची एक पोरगी होती, बीए सेकंड इयर. स्कॉलरशिप मंजूर, पोर्टलवर पैसे गेल्याचं दिसत होतं, खात्यात मात्र दमडी नाही. मी तिला सांगितलं, पासबुक घेऊन ये. ती आणून गेली. मग सांगितलं, बँकेत जाऊन आधार लिंक आहे असं लिहून आण. तेही आणलं. तिसऱ्यांदा काय सांगावं ते सुचेना तर म्हटलं, समाजकल्याणला जाऊन ये. दर वेळी नरखेडहून सकाळच्या गाडीने यायचं, दिवस मोडायचा, घरी आई वावरात जाणारी. तिसऱ्या वेळी ती खिडकीवर काही बोलली नाही, नुसती उभी राहिली.

तेव्हा मागच्या टेबलवर बसलेला आमचा डेटा एंट्रीचा पोरगा, नोकरीला लागून चार महिने झालेला, म्हणाला, "सर, हिचं सीडिंग पाहून घेऊ का?" त्याने आधारच्या वेबसाइटवर तिच्याच मोबाईलवरून ओटीपी घेऊन बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेच्या खात्याला जोडलंय ते, उघडलं. तिथं भलत्याच बँकेचं नाव. शाळेत असताना गावात कॅम्प लागला होता, तिथं आईने तिचं एक खातं काढलेलं, तिला स्वतःलाच आठवत नव्हतं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट येणारे पैसे फॉर्ममधल्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटी ज्या बँकेने सीड केलं त्या खात्यात जातात. सगळे पैसे तिथं पडून होते. पाच मिनिटांचं काम होतं आणि मी तिला तीन चकरा मारायला लावल्या.

मला लागलं ते वेगळंच. त्या पोराला हे चार महिन्यांपासून माहीत होतं. मग बोलला का नाही? तर म्हणे, "तुम्ही सीनियर, मी काहून मधात बोलू?" म्हणजे ज्ञान ऑफिसातच होतं, माझ्यापासून सात फुटांवर होतं. ते सात फूट पार करायचीच सोय नव्हती.

प्रश्नवही ठेवा, पण नीट ठेवा

सुरुवात इथून करा. एक साधं दोनशे पानी रजिस्टर घ्या, आवक-जावकचं असतं तसलं. त्यात चार रकाने पाडा: तारीख, पोराने काय विचारलं, आपण काय सांगितलं, आणि शेवटचा रकाना रिकामा. दोन आठवडे खिडकीवर जो बसेल त्याने प्रत्येक अडलेला प्रश्न लिहायचा. बोनाफाईड कधी मिळेल वगैरे नको, जिथं आपण अडखळलो किंवा "उद्या ये" म्हटलं तेवढेच. आणि प्रश्न पोराच्याच शब्दात लिहायचा. "सर ओई घेतला तर पुढं मायनर बदलते का?" (ओई म्हणजे दुसऱ्या शाखेचा निवडीचा विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय) असं विचारलं असेल तर असंच लिहा, त्याचं "विषय बदलाबाबत चौकशी" असं करू नका, कारण तसं लिहिलं की काय अडलं तेच निघून जातं.

सुरुवातीला लोक लिहिणार नाहीत. आमच्याकडे पहिल्या तीन दिवसांत दोन नोंदी, त्यातली एक माझी. लोकांना वाटतं ही वही आपल्या चुका मोजायला ठेवली. म्हणून दोन गोष्टी करा. एक, उत्तर देणाऱ्याचं नाव लिहायचा रकानाच ठेवू नका. दोन, पहिली नोंद साहेबांनी स्वतःच्या चुकीची करावी. मी नरखेडवाली गोष्ट लिहिली, त्यानंतर वही भरायला लागली.

दोन आठवड्यांनी चहा मागवून सगळे बसा आणि शेवटचा रकाना भरा. प्रत्येक प्रश्नापुढे यातलं एक अक्षर:

मा – आपल्याला माहितीच नव्हती.
वे – माहिती होती, पण दोन टेबलांनी वेगवेगळं सांगितलं.
अ – माहिती होती, पण ते करायचा अधिकार आपल्याकडे नाही.
मन – प्रश्न कागदाचा नव्हताच, पोरगं रडवेलं, घाबरलेलं किंवा भडकलेलं होतं.

हे वर्गीकरण म्हणजे या अख्ख्या लेखाचा गाभा आहे, बाकी घाईत वाचलं तरी चालेल. बदलाच्या काळात जो तो म्हणतो "स्टाफला ट्रेनिंग द्या". अरे पण कशाचं? आमच्या पहिल्या वहीत निम्म्याच्या वर "वे" आणि "अ" निघाले. "वे" असेल तर ट्रेनिंग नको, एक ठरलेलं उत्तर भिंतीवर पाहिजे. "अ" असेल तर प्राचार्यांची सही असलेला आदेश पाहिजे, उदाहरणार्थ प्राचार्य मीटिंगला गेले तर हॉस्टेलच्या पोराच्या सुट्टीच्या अर्जावर कोण सही करेल, यात शिकायचं काय आहे? खरं शिक्षण लागतं ते "मा" आणि "मन"साठी. आणि या दोघांची शिकायची पद्धत पूर्ण वेगळी आहे.

"मा"वाले प्रश्न: एक विषय, एक पान

विषय निवडायचा तो वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला. त्यावर एका माणसाने एक पान लिहायचं, मराठीत, खिडकीवर बोलतो त्या भाषेत. दुसरं पान लागलं तर विषय दोन आहेत असं समजायचं.

क्रेडिटचंच घ्या, म्हणजे अभ्यास मोजायचं नवीन माप, एबीसी खात्यात जमा होतं ते. आपल्या विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन रचना लागू झाली, आणि पहिल्या दिवसापासून मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असा विषयगटांच्या अक्षरांचा भडिमार. पालक विचारतात, "बाप्पा, पोरगं बीए करून राहिलं का इंजिनियरिंग?" आमच्या एका पानावर काय होतं ते सांगतो. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. एक वर्ष करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं तर ४० ते ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा स्किल कोर्स किंवा इंटर्नशिप. तीन वर्षांची डिग्री १२० ते १३२, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६. मधात सोडलं तर तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सगळं मिळून सात वर्षांत संपवायचं. बस. ज्याला आणखी हवं त्याला विभागप्रमुखांकडे पाठवायचं, आणि कोणत्या वेळी ते भेटतात तेही पानावर लिहायचं.

खाली तीन गोष्टी कंपल्सरी: हे कोणत्या जीआरवरून किंवा परिपत्रकावरून लिहिलं, कोणत्या तारखेला तपासलं, आणि परत कधी तपासायचं. हे का म्हणतो, तर क्रेडिट रचनेचा जीआर २०२३ च्या एप्रिलमध्ये निघाला आणि २०२४ च्या मार्चमध्ये सुधारित निघाला. मी अशी ऑफिसं पाहिली जिथं जुन्याचीच प्रिंट लॅमिनेट करून काचेखाली ठेवलेली होती. लॅमिनेशन करूच नका मुळात, लॅमिनेट केलेला कागद कोणी बदलत नाही.

जीआर वाचायची पण एक रीत आहे. नवीन लोक पहिल्या ओळीपासून वाचतात आणि प्रस्तावनेतच थकतात. आधी तारीख आणि संदर्भ पाहा, तिथं आधीचे जीआर दिलेले असतात, म्हणजे हा कशाच्या जागी आला ते कळतं. मग सरळ "शासन निर्णय" या शब्दाखाली या. शेवटी खाली दिलेला सांकेतांक शासनाच्या वेबसाइटवर टाकून तोच जीआर उघडतो का ते पाहा. व्हॉट्सअॅपवर फिरणारे अर्धे कागद या एका टेस्टमध्ये गळतात.

दुसरं पान आम्ही नावातल्या फरकावर केलं. वाटतं छोटं, पण अपार आयडी अडकतो तो बहुतेक इथंच. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी, कुठं वडिलांचं नाव आहे कुठं नाही, आणि पोरींचं लग्न झालं असेल तर अजून वेगळं. कोणतं कागदपत्र कुठं दुरुस्त होतं, किती चकरा लागतात आणि आधी काय करायचं, हा क्रम त्या पानावर. ते आमच्या सगळ्यात जुन्या क्लार्क मॅडमनी लिहिलं, त्यांना कॉम्प्युटर फारसा जमत नाही पण कागदाचा वास येतो म्हणतात तसं आहे त्यांचं.

आठवड्याचा एक तास

पान लिहून फाईलला लावलं तर मेलं. ते बोलून दाखवायला एक ठरलेला तास पाहिजे. आम्ही बुधवार, दुपारी साडेतीन ते साडेचार ठेवला. त्या वेळी बाहेरगावची पोरं एसटी नाहीतर ट्रेन पकडायला निघालेली असतात, काटोल, उमरेड, रामटेक साइडची. खिडकीवर बोर्ड लावला: "बुधवारी ३.३० नंतर काम बंद, तातडीचं असेल तर बेल वाजवा." बेल ठेवाच. नाहीतर कोणाची तरी परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख नेमकी त्याच बुधवारी निघते.

हा तास तोंडी ठरवू नका. प्राचार्यांकडे टिप्पणी टाका, मंजुरी घ्या, जावक नंबर टाका. आमचा पहिला तास दोन बुधवार चालला आणि तिसऱ्या बुधवारी "आज जरा अर्जंट आहे" म्हणून गेला तो गेलाच. आदेश निघाल्यावर परत सुरू झाला. सरकारी पद्धतीवर आपण कितीही हसलो तरी जावक नंबरमध्ये ताकद असते.

तासात काय करायचं: पहिली पंधरा मिनिटं या आठवड्याची वही. मग एकाने एक पान समजावून सांगायचं, वीस मिनिटं, स्लाइड नाही. मग उरलेल्या वेळात दोघांनी तो प्रश्न खिडकीवर आल्यासारखा करून दाखवायचा, एक पोरगा बनेल, एक क्लार्क. सांगणारा माणूस दर वेळी बदलला पाहिजे आणि त्यात लायब्ररीवाले, हॉस्टेलवाले, शिपाई काका सगळे आले. शिपाई काकांना पहिल्यांदा उभं केलं तेव्हा ते लाजले, मग त्यांनी सांगितलं की गेटवर पोरं आधी त्यांनाच विचारतात आणि ते गेली कित्येक वर्षं सगळ्यांना "दोन नंबर खिडकी" असं सांगतात कारण एक नंबरवाले ओरडतात. एक नंबरवाला तिथंच बसला होता. तो तास आम्ही कधी विसरणार नाही.

जून-जुलैत अॅडमिशनच्या गर्दीत तास होणार नाही, हट्ट करू नका, सकाळी खिडकी उघडायच्या आधी उभ्याउभ्या दहा मिनिटं पुरे. मोठं काही शिकायचं असेल तर अॅडमिशन आटोपल्यावरचा सप्टेंबर नाहीतर हिवाळी परीक्षा संपल्यानंतरचा जानेवारी-फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये तर नकोच, ४५ डिग्रीत कूलरच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार.

टेबल बदलून बसा

महिन्यातून अर्धा दिवस. स्कॉलरशिपवाल्याने परीक्षा विभागात बसायचं, परीक्षावाल्याने हॉस्टेलमध्ये. काम करायचं नाही, बाजूला बसून पाहायचं आणि शेवटी तीन प्रश्न विचारायचे. मला वाटायचं परीक्षा विभाग मुद्दाम आमच्या याद्या परत पाठवतो. अर्धा दिवस बसलो तेव्हा कळलं की आम्ही पाठवलेली नावं कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात आणि त्यांना कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये लागतात, ते बिचारे सगळं परत टाइप करत होते! दोन्ही खोल्यांत एक भिंत फक्त, आणि हे किती वर्षं चाललं असेल देव जाणे. जाता जाता सांगतो, तुमच्या ऑफिसात अजून कृतीदेव असेल तर युनिकोड टायपिंग हे सगळ्यात पहिलं कॉम्प्युटर ट्रेनिंग ठेवा. त्यानंतर एक्सेलमध्ये फिल्टर आणि व्हीलूकअप, मग मेल मर्ज. एवढ्या तीन गोष्टींवर स्टुडंट सेक्शनचं बहुतेक काम निघतं, एआय-बीआय नंतर पाहू.

तसंच बाहेरही जा. एखादं शेजारचं कॉलेज पकडा, तिथल्या सेक्शनवाल्यांशी दोस्ती करा, एक दिवस तुम्ही त्यांच्याकडे, एक दिवस ते तुमच्याकडे. आता मेट्रो आहे, बर्डीला (सीताबर्डी) बदलून कुठंही जाता येतं, प्रवासभत्त्याच्या बिलाचं रडगाणंही नको. श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात, म्हणजे समाजकल्याणच्या ऑफिसातही अर्धा दिवस काढा, पण काम घेऊन नको, तिथं अर्ज परत का जातात तेवढं विचारायला जा. काम घेऊन गेलं की आपण फक्त आपल्या फाईलचं बोलतो.

"मन"वाले प्रश्न

इथं मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपली पिढी "काय झालं रडायला, जा पाणी पी" एवढंच शिकलेली. वहीत "मन" लिहिलेल्या नोंदी मोजल्या तर रिझल्टच्या आठवड्यात आणि फीच्या शेवटच्या तारखेला भरपूर. म्हणजे कधी लागणार ते आधीच माहीत असतं, तर त्या आठवड्यात खिडकीवर सगळ्यात शांत माणूस बसवा. ट्रेनिंगच्या आधी ड्युटी चार्ट सुधारा.

आता ट्रेनिंग. २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले आहेत. त्यात टीचिंग आणि नॉनटीचिंग अशा सगळ्या स्टाफला वर्षातून किमान दोनदा या विषयातल्या तज्ज्ञांकडून ट्रेनिंग द्यायला सांगितलं आहे, आणि १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक क्वालिफाईड काउन्सेलर. नॉनटीचिंग हा शब्द त्यात आहे हे लक्षात ठेवा, प्राचार्यांकडे टिप्पणी टाकताना कामी येतो.

तोवर आपण काय करायचं? आम्ही एका काउन्सेलर मॅडमना बोलावलं आणि त्यांनी अडीच तासांत मोजून चार गोष्टी घोटून घेतल्या. पोरगं रडवेलं असेल तर खिडकीवर बोलायचंच नाही, आत बोलावून खुर्ची द्यायची, दार अर्धं उघडं. पहिली दोन मिनिटं सल्ला नाही, फक्त "पुढं सांग". जिवाचं काही बोललं, "आता काही अर्थ नाही", "मी नसलो तर बरं" असलं काहीही, तर घाबरून विषय बदलायचा नाही, सरळ विचारायचं, "जीव द्यायचे विचार येतात का?" आम्हाला वाटायचं असं विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेलं घुसेल. तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते असं मॅडमनी समजावलं. आणि चौथं, अशा पोराला एकटं सोडायचं नाही. काउन्सेलर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, घरचं विश्वासाचं माणूस, यातलं कोणीतरी जोडलं जाईपर्यंत आपण तिथंच बसायचं, खिडकी बंद राहिली तरी चालेल. १४४१६ फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

पण हे नुसतं ऐकून येत नाही. आम्ही जोड्या करून सराव केला तेव्हा आमचा हेडक्लार्क, दिसायला एकदम कडक माणूस, ते प्रश्नाचं वाक्य तोंडातून काढूच शकला नाही. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा निघालं, पण इतक्या हळू आवाजात की समोरच्याने "काय?" म्हणून विचारलं. सरावाचा उपयोग हाच की असं पहिल्यांदा होतं ते आपल्या माणसांसमोर होतं, खऱ्या पोरासमोर नाही.

आणि एक, अशा दिवसानंतर त्या स्टाफला घरी तसंच पाठवू नका. दहा मिनिटं बसा त्याच्यासोबत. आपल्याकडे हे कोणी करत नाही आणि मग लोक दगड होऊन जातात.

तक्रारी आणि नियम

यात खोलात जायची गरज नाही कारण निर्णय कमिटी करते, आपण नाही. आपल्याला तीन दरवाजे ओळखता आले पाहिजेत. रॅगिंग असेल तर अँटीरॅगिंग कमिटी आणि राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. लैंगिक छळ असेल तर इंटर्नल कमिटी, तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते म्हणून "रिझल्टनंतर ये" असं चुकूनही म्हणू नका. बाकी फी, अॅडमिशन, कागदपत्रं अडकवणं, रिझल्ट वगैरे असेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान नाही झालं तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. खिडकीवरच्या माणसाचं काम एवढंच: अर्ज घ्यायचा, पोच द्यायची, बंद पाकिटात पुढं पाठवायचा, आणि चहाच्या टपरीवर तो विषय काढायचा नाही. शेवटचं जमलं तरी खूप झालं.

आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं बंद करा हेही इथंच सांगतो. सगळे करतात, मीही केलंय. पोराचा ओटीपी आपल्या मोबाईलवर यावा म्हणून स्वतःचा नंबर टाकणं तर अजून वाईट, तो क्लार्क बदलून गेला की पोरगं कायमचं अडकलं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराखालच्या प्रत्येकाला बालक धरतो, आणि फर्स्ट इयरला आलेली आपली कितीतरी पोरं सतरा वर्षांची असतात, म्हणजे त्यांची माहिती अजूनच जपायला पाहिजे.

स्वतःच्या नावावर काय लागणार?

हा प्रश्न लोक मोठ्याने विचारत नाहीत पण मनात असतो, खास करून कंत्राटीवाल्यांच्या, आणि ते बरोबरच आहे. ऑफिससाठी एवढं करून मला काय? म्हणून प्रत्येकाची एक साधी फाईल उघडा. त्यात तारीखवार: कोणता विषय सांगितला, कोणतं पान लिहिलं, कोणत्या टेबलवर बसून आलो, खाली प्राचार्यांची सही. पर्मनंट असाल तर झालेल्या ट्रेनिंगची नोंद सेवापुस्तकात घ्यायला अर्ज करा, आपोआप कोणी घेत नाही. वर्षातून एक बाहेरचा कोर्स पकडा, स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर शिकणं फुकट आहे, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी लागते, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नूचं रीजनल सेंटर नागपुरातच आहे. पण कोर्स निवडताना वही समोर ठेवा. आमच्यातल्या एकाने उगाच मार्केटिंगचा डिप्लोमा केला, आता तो सगळ्यांना "टार्गेट ऑडियन्स" म्हणतो.

आमच्या त्या डेटा एंट्रीच्या पोराने फाईल भरली, एकट्याने सहा पानं लिहिली. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे पर्मनंटला लागला, इंटरव्ह्यूला तीच फाईल घेऊन गेला होता. आमचा माणूस गेला म्हणून प्राचार्य जरा नाराज झाले. पण त्याची पानं आमच्याकडे राहिली.

तीन महिन्यांनी काय पाहायचं?

फीडबॅक फॉर्म भरून घेऊ नका, सगळे "उत्तम" लिहितात. एकच आकडा पाहा: एकाच कामासाठी पोरगं दुसऱ्यांदा किती वेळा आलं. वहीत एक बारीक खूण ठरवा, दुसऱ्यांदा आलेल्यापुढे फुली, तिसऱ्यांदा आलेल्यापुढे दोन. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजा आणि बुधवारी मोठ्याने वाचा. दोन फुल्या असलेली प्रत्येक नोंद म्हणजे पुढच्या बुधवारचा विषय.

आमच्या आत्ताच्या पानावर सात फुल्या आहेत, त्यातल्या चार एकाच प्रश्नावर: "सर, माझा अपार बनला पण क्रेडिट झिरो दाखवून राहिले." या बुधवारी ते पान मला लिहायचं आहे आणि मला स्वतःला अजून त्यातलं अर्धंच कळलंय, म्हणून उद्या परीक्षा विभागात जाऊन बसतो.